मोटारीचे जुने भाग आणि ते बसवणारे हात



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी विषय कळवला, ‘मोटारीचे जुने सुटे भाग’. चालक क्षणभर गप्प राहिले. ज्या व्यासपीठावर संतवाङ्‌मयावर आणि अर्थशास्त्रावर बोलले जाते तिथे हे भंगार कशाला, असे त्यांच्या मनात आले असेल. पण देवपूरच्या माणसांनी भंगाराला नाक मुरडावे असे मला वाटत नाही. मुंबई–आग्रा रस्ता, सुरत–नागपूर रस्ता आणि सोलापूरकडे जाणारा रस्ता असे तीन मोठे रस्ते आपल्या धुळ्याला येऊन मिळतात. रात्री दोन वाजता पांझरेच्या पुलावर उभे राहिलात तर मी म्हणतो ते कानांनी कळेल. जिथे रस्ते मिळतात तिथे गाड्या बिघडतात, आणि जिथे गाड्या बिघडतात तिथे गॅरेजे उभी राहतात. या गॅरेजांवर या गावातल्या किती घरांच्या चुली पेटतात याची मोजदाद कोणी केलेली नाही.

मी विद्यापीठात शिकलेलो नाही. १९८४ साली, चौदाव्या वर्षी, ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. इंग्रजी अक्षरे मी शिकलो ती पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर सुट्या भागांच्या खोक्यांवरून. त्यामुळे माझ्या बोलण्यात व्याकरण कमी आणि ग्रीस जास्त असेल. सांभाळून घ्यावे.

पहिला प्रश्न असा, की जुना भाग घ्यावाच का? बाजारात नवा मिळत असता जुना घेणे हा कंजूषपणा नाही का? तर गोष्ट अशी की पुष्कळदा नवा मिळतच नाही. मुंबईची काळी-पिवळी फियाट आपण सर्वांनी पाहिली आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, कुर्ल्याला कारखाना घातला, आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर तिथे गाड्या होऊ लागल्या. फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी, ही नावे बदलत गेली. गाडी मात्र मुळात एकच. २००० सालाच्या आसपास तिचे उत्पादन थांबले. पण गाड्या काय उत्पादन थांबले म्हणून थांबतात? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. मधली सारी वर्षे ती कशावर चालली? जुन्या भागांवर. एक फियाट मोडली की तिच्या अंगावर दोन फियाट जगत. आपल्या गावातल्या डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या फियाटी अशाच जगल्या. मिस्त्री मुंबईला जाई, कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन दिवस हिंडे, आणि पोत्यात गिअरपेटी घालून रात्रीच्या एसटीने परत येई. कंडक्टर सामानाचे तिकीट मागे. यावर दर खेपेला भांडण ठरलेले.

अँबेसेडरची गोष्ट वेगळी नाही. इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड तिसऱ्या आवृत्तीत इकडे आली आणि १९५७-५८ पासून हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा कारखान्यात अँबेसेडर म्हणून होऊ लागली. २०१४ साली ती बंद पडली. ट्रकचे पाहा. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार केला आणि ‘टाटा-मर्सिडीझ’ ट्रक निघाले. करार १९६९ साली संपला, पण आमचे जुने ड्रायव्हर त्यानंतर पुष्कळ वर्षे ‘बेंझ’ असेच म्हणत. गाडी परदेशी, परवाना देशी, आणि दुरुस्ती खानदेशी!

पण टंचाई हे याचे एकच कारण झाले. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे अशा काळात हे कसब वाढले हे खरे. तथापि टंचाई संपल्यावरही ते टिकले, कारण त्यात अक्कल आहे. कुठला भाग कुठे चालेल हे ओळखणे म्हणजे एक प्रकारचे वाचन आहे. मॅटाडोर व्हॅनमध्ये जे डिझेल इंजिन होते ते मूळ मर्सिडीझचे. ते किती जीपगाड्यांत आणि किती अँबेसेडरांत बसले त्याला गणती नाही. पेट्रोल परवडेना, तेव्हा गाडी तीच ठेवून आतले इंजिन बदलले. इंजिनाचे पाय जागेवर बसत नाहीत म्हणून नवे पाय घडवले, गिअरपेटी आणि इंजिन यांच्यामध्ये लेथवर कातलेली चकती घातली, रेडिएटर पुढे सरकवला. हे सारे करणाऱ्याने नकाशा काढलेला नसतो. नकाशा डोक्यात असतो. गावाकडच्या काळ्या-पिवळ्या जीपा अशा मिस्त्र्यांनी चालत्या ठेवल्या, आणि त्यांतून आपली मुले तालुक्याच्या शाळेत गेली.

कायद्याचेही येथे सांगून ठेवतो, कारण पुष्कळांना ठाऊक नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे इंजिन बदलले तर आरटीओची मंजुरी घेऊन नोंदणीच्या पुस्तकात नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. ती नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीचा पहिला बोट तिथेच पडतो. दोनशे-चारशे रुपये वाचवण्यासाठी लोक हे टाळतात आणि पुढे लाखांना मुकतात.

आता मिस्त्री जुना भाग पाहतो कसा, ते थोडे सविस्तर सांगतो. शिकलेली माणसे या कामाला अडाण्याचे काम समजतात, म्हणून सविस्तर.

समजा तोडायला काढलेल्या गाडीचा क्रँक मिळाला. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. पिस्टन वर-खाली होतो त्याचे फिरणे करणारा तो वाकडातिकडा दांडा. तो ज्या गोल गळ्यांवर फिरतो ते गळे झिजतात. आणि झिजतात तेही सारखे नाहीत, तर एका अंगाने जास्त, म्हणजे गोलाचा अंडाकार होतो. डोळ्यांना हे दिसत नाही. मायक्रोमीटर घेऊन एकाच गळ्याचे माप दोन बाजूंनी आणि दोन टोकांना घ्यावे लागते. फरक असेल तर क्रँक घासून पुन्हा गोल करतात. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दहा भाग घासायचे, ही पहिली पायरी. याला आमच्यात ‘दहा थाऊ’ म्हणतात. मग वीस, तीस, चाळीस. जितके घासले तितके जाड बेअरिंग त्यावर बसवायचे. चाळीसच्या खाली गेलेला क्रँक शहाणा मिस्त्री बहुधा हातात घेत नाही. आता विचार करा, जो मुलगा नापास होऊन शाळेतून बाहेर पडला तो येथे इंचाच्या हजाराव्या भागाशी खेळतो आहे. गणित त्याला येत नव्हते असे म्हणायचे, की गणित शिकवणाऱ्याला मुलगा कळला नव्हता?

इंजिनाच्या हेडला चीर आहे का हे पाहायचे असेल तर मोठी यंत्रे लागत नाहीत. हेड स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावायचे, थोडा वेळ मुरू द्यायचे, पुसून कोरडे करायचे आणि वर खडूची भुकटी पसरायची. चीर असेल तर आत शिरलेले रॉकेल खडूत उमटते आणि काळी रेघ दिसते. हेड वाकले आहे का हे सरळ पट्टी आडवी ठेवून, तिच्याखाली फिलरची पाती सरकवून कळते. पाटे हातोडीने वाजवून पाहतात; तडा गेलेला पाटा बद्द बोलतो. मडके घेताना आपल्या घरातल्या बाया काय वेगळे करतात?

आणि सर्वांत मोठा नियम, जो कोणत्याही पुस्तकात मी वाचण्यापूर्वी माझ्या उस्तादाने पाना फेकून शिकवला: जोडी तोडू नये. ट्रकच्या मागच्या हाऊसिंगमध्ये क्राऊन आणि पिनियन ही दातांची जोडी असते. कारखान्यात ती एकमेकींवर घासून जुळवलेली असते. एका गाडीचा क्राऊन आणि दुसऱ्या गाडीचा पिनियन, दात मोजून सारखे असले तरी, एकत्र नांदत नाहीत. आधी आवाज येतो आणि मग दात तुटतात. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी यांचेही तेच. दोन्ही एकत्र कातलेली असतात, म्हणून त्यांवर सारखे आकडे ठोकलेले असतात. पोत्यातून आणलेल्या चार रॉडांना चार भलत्याच टोप्या लावणारा मिस्त्री पाहिला की मला त्याची नव्हे, त्याला घाई लावणाऱ्याची चीड येते.

शोरूमसमोर उभी असलेली झगमगीत गाडी पाहून कोणी म्हणेल, हे सगळे फियाट-अँबेसेडरचे जुने जग झाले. तसे नाही. जर्मनीतल्या बीएमडब्ल्यू गाडीचे नाव तुम्ही ऐकले आहे. २००७ पासून ती आपल्याकडे चेन्नईजवळही जोडली जाते. ही कंपनी १९१६ सालची, विमानांच्या इंजिनांतून वर आलेली. पण १९२८ साली तिने जी पहिली मोटार विकायला घेतली ती ‘डिक्सी’ मूळ इंग्लंडच्या ऑस्टिन सेव्हनची परवान्यावर केलेली प्रत होती. पुढे १९५५ साली तिने ‘इझेटा’ नावाची अंड्यासारखी छोटी गाडी काढली, तीही इटलीच्या परवान्यावर. म्हणजे आपल्या फियाटने जे केले तेच! मोठ्या माणसांच्या लहानपणाच्या गोष्टी ऐकल्या की आपल्याला धीर येतो, म्हणून हे सांगितले.

या कंपनीच्या चाळीस वर्षांच्या जुन्या गाड्या जगभर लोकांनी जपून ठेवल्या आहेत, आणि त्या जपणारे सगळे श्रीमंत नाहीत. त्यांची रीत आपल्या मिस्त्र्याने ऐकावी अशी आहे. गाडीच्या चासी नंबरातले शेवटचे सात आकडे घेतले की ती कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात कारखान्यातून निघाली ते कळते. प्रत्येक भागाला अकरा आकड्यांचा स्वतःचा नंबर. तोच नंबर दुसऱ्या गाडीच्या यादीत असेल तर तो भाग निःशंक बसतो; नंबर बदलला असेल तर कोणत्या महिन्यापासून बदलला तेही यादीत असते. मग माणूस तोडलेल्या गाड्यांच्या आवारात जाऊन नेमका तोच भाग काढून आणतो. १९९४ पासून म्युनिकजवळ या कंपनीचे स्वतःचे गाड्या सोडवण्याचे केंद्र आहे. आपलीच गाडी सोडवायला किती कठीण जाते हे तिथे अभ्यासतात. युरोपात २००० सालच्या नियमापासून गाडी तोडणाऱ्याला परवाना लागतो, तेल कुठे काढायचे, बॅटरी कुठे ठेवायची हे ठरलेले असते. तिथे तो धंदा, तो कारागीर. आपल्याकडे तो भंगारवाला.

नवे संकट मात्र तिकडे आणि इकडे एकच आहे. आताच्या गाडीत पानाच पुरत नाही. इंजिनाचा मेंदू म्हणजे एक बंद डबी, आणि ती डबी त्या गाडीच्या किल्लीशी आकड्यांनी बांधलेली. दुसऱ्या गाडीची तीच डबी आणून बसवली तर गाडी सुरू होत नाही. कंपनीच्या संगणकाने दोघींची ओळख करून द्यावी लागते. काही गाड्यांत नुसती बॅटरी बदलली तरी गाडीला तसे कळवावे लागते! चोरीला आळा बसतो हे मान्य. पण ज्याने गाडी विकत घेतली त्याला ती आपल्या मिस्त्र्याकडून दुरुस्त करण्याचा हक्क उरतो की नाही, हा प्रश्न मोटारीचा नाही, मालकीचा आहे. यावर एखाद्या वकिलाने या व्यासपीठावर स्वतंत्र बोलावे.

आता मी ज्यासाठी आलो त्या मुद्द्याकडे येतो. जुना भाग कुठे चालतो आणि कुठे चालत नाही? माझे उस्ताद हातात भाग घेऊन अहिराणीत एवढेच म्हणत, “हाऊ चाली, हाऊ नही चाली.” कारण विचारण्याची सोय नव्हती. पुष्कळ वर्षांनी मला ते कारण सापडले, ते असे. जो भाग बिघडल्यावर गाडी बंद पडते तो जुना चालेल. जो भाग बिघडल्यावर गाडी थांबत नाही, तो जुना चालणार नाही. डायनामो, स्टार्टर, गिअरपेटी, रेडिएटर, दरवाजा, काच, सीट, इंजिनाचा ब्लॉक हे सगळे पारखून जुने घ्या. स्टार्टरने दगा दिला तर चार माणसे धक्का मारतील. पण ब्रेकचे रबर, ब्रेकची नळी, स्टिअरिंगचे गोळे, ड्रॅगलिंक, चाकाचे नट-बोल्ट यांत जुने नको. रबराचे तर वय मैलांवर नसते, वर्षांवर असते. ते कपाटात बसूनही म्हातारे होते. टायर घेताना त्याच्या बाजूवर चार आकडे पाहा. २३१४ असेल तर तो २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झाला. वर काळा रंग फासून तो ‘फारसा न वापरलेला’ म्हणून विकतात. नुकता रंग मारलेला कोणताही जुना भाग घेऊ नका. भाग झाकण्यासाठीच रंग मारलेला असतो.

आपल्या जिल्ह्याला हे कोणी शिकवायला नको. आपल्या चहूकडे उतार आहेत. उत्तरेला बिजासन घाट, दक्षिणेला लळिंगचा, आणि कन्नडचा घाट चाळीसगावच्या पुढे. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला मध्य प्रदेशाकडून आलेला कंटेनर गाड्यांना ठोकरत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. ब्रेक निकामी झाल्याचे पोलिसांनी सांगितले. किमान दहा माणसे गेली.  कोणी बसची वाट पाहत होते. उतारावर ब्रेकला जे सोसावे लागते ते सपाटीवरच्या तपासणीत दिसत नाही, हे घाटाखाली राहणाऱ्या आपण तरी विसरू नये.

१९९८ च्या सुमाराची एक गोष्ट. आमच्या संघटनेतल्या एका ड्रायव्हरच्या गाडीची ड्रॅगलिंक, म्हणजे स्टिअरिंग आणि चाक जोडणारा दांडा, तुटला होता. मालकाने तो वेल्डिंग करून परत बसवायला सांगितला. मिस्त्री नको म्हणाला. मालक म्हणाला, दुसरा मिस्त्री पाहतो. मिस्त्र्याने बसवला. ड्रायव्हर नको म्हणाला. त्यालाही तेच उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला दांडा सुटला. नशीब असे की शेजारी ज्वारीचे रान होते, गाडी रानात गेली आणि माणूस वाचला. निष्काळजीपणे गाडी चालवल्याबद्दल २७९ कलम लागले, ते ड्रायव्हरला. मालकाकडे कोणी गेलेही नाही. वेल्डिंगचा दांडा पंचनाम्यात ‘तुटलेला लोखंडी भाग’ एवढाच आला. तो कधी, कोणाच्या सांगण्यावरून, कशाने जोडला होता हे सांगणारा कागदच नव्हता. त्या खटल्यात आम्ही जे शिकलो ते मी पुढे सांगणार आहे.

मी मालकांचा शत्रू नाही, असे म्हटले तर आमचीच माणसे हसतील. पण खरे ते बोलावे. आपल्याकडचा ट्रकमालक पुष्कळदा एका गाडीचा धनी असतो, ती गाडी कर्जाची असते, आणि हप्ता चुकला तर गाडी ओढून नेणारे दारात असतात. तो जुना ब्रेक शू बसवतो तो लोभानेच असे नाही. तरीही हिशेब बदलत नाही. बचत त्याच्या खिशात पडते आणि धोका दुसऱ्याच्या छातीवर. पैसे वाचवणारा आणि उतारावरून जाणारा हे दोघे वेगळे असतात, तेव्हा निर्णय एकट्या पैसे वाचवणाऱ्याच्या हातात असू नये. आमच्या संघटनेचे म्हणणे एवढेच आहे.

आणि धोका केवळ ड्रायव्हरला नाही. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडला की मिस्त्री तोंडाने फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने धूळ उडवतो. मी स्वतः किती वर्षे तेच करताना माणसे पाहिली. त्या धुळीचा रोग फुप्फुसात वीस-तीस वर्षांनी उठतो. जर्मनीने १९९३ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडचे पोर आजही फुंकर मारते. ओले फडके घेतले तर धूळ उडत नाही. फडक्याला पैसे पडत नाहीत. पण सांगणार कोण? २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले यंत्र भंगार म्हणून आले. त्यात कोबाल्ट-६० हे किरणे सोडणारे द्रव्य होते. तोडणाऱ्यांना काय हाताळतो आहोत याची कल्पना नव्हती. एक कामगार मेला, इतर कित्येक आजारी पडले. वस्तूबरोबर तिची हकिगत आली नाही की असे होते.

कायदा या माणसांना कुठे धरतो? १९६१ चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला तेव्हा त्यात पाच किंवा अधिक कामगारांच्या धंद्यालाच तो लागू होता. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्याला विजेवर काम असेल तर दहा माणसे लागत. आता गॅरेजात असतात किती? एक मिस्त्री, दोन पोरे. म्हणजे कायद्याच्या दारात आकडा पुरा होत नाही म्हणून माणूस बाहेरच. चार गॅरेजांची माणसे एकत्र मोजा अशी मागणी आम्ही कैक वर्षे करीत आलो आहोत. ती अर्जांच्या फायलीत आहे.

उलट, एसटीकडे पाहा. १ जून १९४८ ला पुणे ते नगर पहिली बस धावली तेव्हापासून एसटीचा संसार जुन्या भागांवरच चालला आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. इंजिन थकले की ते उतरवतात, तयार केलेले दुसरे चढवतात, उतरवलेले कार्यशाळेत जाऊन पुन्हा घडते. टायर पुन्हा चढवण्याचे एसटीचे स्वतःचे कारखाने आहेत. पण कोणते इंजिन कोणत्या गाडीवर किती किलोमीटर चालले हे लिहिलेले असते. एसटीच्या कामगारांच्या तक्रारींवर मी तासभर बोलू शकेन, आणि २०२१-२२ चा लांबलेला संप आपल्याला आठवत असेलच. परंतु जुन्या भागाला वही असली पाहिजे हे एसटीकडून शिकावे.

ही वही आपल्या गावाला परकी नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंदिर येथे आहे. आयुष्यभर ते गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत. जुना कागद हाती आला की इतिहासकार पहिले काय विचारतो? कोणाच्या घरचा, कोणत्या गावचा, हातात कसा आला. ते ठाऊक नसेल तर कागद खरा असूनही त्याच्यावर भार टाकता येत नाही. गिअरपेटीचे तेच आहे. मीरतच्या सोतीगंजमध्ये जुन्या भागांचा मोठा बाजार होता. चोरीच्या गाड्या तिथे तुटतात म्हणून २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बंद पाडला. चोरांबरोबर सचोटीचे दुकानदारही गेले, आणि त्यांच्याकडची मजूर माणसे तर विचारूच नका. त्यांच्यापाशी भाग होते, भागांची हकिगत नव्हती.

सरकारने २०२१ साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण आणले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी बंद झाली. धूर कमी होईल, चांगले आहे. मान्यताप्राप्त केंद्रांत गाड्या तुटतील, तेही चांगले. माझा प्रश्न त्या केंद्रांत काम कोणाला मिळणार हा आहे. आपल्या गॅरेजांतल्या ज्या माणसाला डोळे मिटून पन्नास तऱ्हेच्या गिअरपेट्या ओळखता येतात त्याच्यापाशी दाखला नाही. आयटीआयचा दाखला असलेल्या मुलाला घ्यावे, अवश्य घ्यावे. पण या माणसाची परीक्षा घेऊन त्यालाही दाखला द्यावा. परीक्षा तोंडी आणि हाताची असावी. लेखी घेतलीत तर आपण लिहिता येणारी माणसे निवडाल, गाडी येणारी नव्हे.

तो खटला संपल्यावर आम्ही एक चिठ्ठी छापून घेतली. साधी आहे, बारा आण्यांच्या वहीच्या पानाएवढी. जुना भाग बसवला की मिस्त्र्याने ती भरायची. भाग कोणत्या गाडीतून निघाला, तिचा नंबर, काढताना माप काय होते, बसवताना काय केले, मालकाने काय सांगितले, आणि मिस्त्र्याची सही. तीन प्रती: मालकाला, ड्रायव्हरला, गॅरेजला. ब्रेक आणि स्टिअरिंग यांसाठी त्यात रकानाच ठेवलेला नाही. तिथे ‘नवा’ एवढेच छापलेले आहे आणि बिलाचा नंबर लिहायला जागा आहे. काही मालक चिडले. काहींनी पहिल्या महिन्यात चिठ्ठी घेतली आणि दुसऱ्या महिन्यात विसरले. मिस्त्र्यांनाही लिहिण्याचा कंटाळा. मग पोरांना बसवून लिहवून घेतले, आणि त्यातली दोन पोरे रात्रशाळेत जाऊ लागली. ‘मालकाने काय सांगितले’ हा रकाना मात्र सर्वांना बोचतो. तो काढा असे मला चार वेळा सांगून झाले आहे. तो निघणार नाही.

चिठ्ठ्यांची काही पुस्तके बाहेर दाराशी टेबलावर ठेवली आहेत. ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांनी एक घेऊन जावे आणि पुढच्या वेळी गॅरेजात गेल्यावर मिस्त्र्यासमोर ठेवावे. भरायला त्याला थोडा वेळ लागेल, त्याला घाई करू नये. आणि या सभेत जे गॅरेजवाले आले आहेत, मला दोन-तीन ओळखीचे चेहरे मागच्या रांगेत दिसतात, त्यांनी जाण्यापूर्वी मला भेटावे. हवेच्या नळीबद्दल बोलायचे आहे.